बोरच्या जंगलात बहात्तर माणसांची जागा मोजताना

मी दोन पोस्टकार्डं लिहिली. मजकूर दोन्हींवर एकच: 'शनिवारी सकाळी साडेसातच्या गाडीने बोरधरणला कॅम्पची जागा पाहायला जाते आहे. आपण सोबत आलात तर बरं होईल. वर्ध्याच्या बसस्टँडवर थांबते.' एक कार्ड नाचणगावला मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला. दुसरं हिंगणघाटला आत्याला, त्यांच्या धाकट्या बहिणीला. हे दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यालाही कार्ड गेलं आहे, एवढं मात्र मी कोणालाच लिहिलं नाही. पोस्टकार्डावर जागा कमी असते.

ब्याऐंशीचा जानेवारी होता. आजोबांच्या पाच मुलांच्या सगळ्या शाखा दोन दिवस जंगलात एकत्र राहतील, असं दिवाळीत ठरलं. ठरवणारे उठून गेले आणि काम माझ्याकडे आलं. मी सिव्हिलची पदविका घेतली आहे, वर्ध्याला एका कचेरीत आरेखक आहे, लग्न झालेलं नाही. घरच्यांच्या मते या तीन गोष्टी मिळून भरपूर मोकळा वेळ होतो. कॅम्पसाठी लेखी अर्ज लागतो आणि अर्जात माणसांचा नेमका आकडा. हिंगणघाटची शाखा आली तर आम्ही बहात्तर. न आली तर एकोणपन्नास. आत्या आली तर तिचे मुलगे, सुना, नातवंडं मिळून सगळे तेवीस येणार; ती नाही तर एकही नाही. आणि भावाने बोलावल्याशिवाय आत्या येणार नव्हती. माझं कार्ड तिच्या हिशेबी बोलावणं नव्हतंच. बोलावणं म्हणजे मोठेबाबांनी स्वतः, स्वतःच्या तोंडाने.

शनिवारी सव्वासातला मोठेबाबा आले. धोतर, टोपी, काखेत छत्री. जानेवारीत छत्री का, ते मी विचारलं नाही. पाच मिनिटांनी हिंगणघाटच्या गाडीतून आत्या उतरली. हातात चार मजली डबा आणि गोरसपाक बिस्किटांचा पुडा. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे कोन आलं?" मोठेबाबांनी मला विचारलं.

"त्याले सांग," आत्या म्हणाली, "मी जागा पाहाले आली. पंगतीले नाई."

वर्ध्याहून बोरधरणला जाणाऱ्यांसाठी: सकाळची गाडी सेलू, हिंगणी करत जाते, दीड तास घेते, तिकीट चार रुपयांच्या आत. डाव्या बाजूला बसा, ऊन लागत नाही. आम्हाला तिघांचं बाक मिळालं. मी मध्ये.

सेलूपर्यंत मी निरोप्याचं काम केलं. "तिले विचार, पाव्हनं बरं हाय का." पाव्हनं म्हणजे आत्याचे यजमान. "त्याले सांग, बरं हाय, गुडघा दुखते." "तिले सांग, एरंडाचं पान बांधा म्हना." दोघांच्या कानांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. प्रत्येक वाक्य मी जसंच्या तसं, स्वर न बदलता, दुसऱ्या बाजूला दिलं. मागच्या बाकावरच्या बाई पुढे वाकून ऐकू लागल्या आणि सेलूला उतरताना म्हणाल्या, "पोरी, तुझं मोठं काम हाय वं."

सेलूला गाडी पंधरा मिनिटं थांबते. स्टँडसमोर आलूबोंडा चांगला मिळतो, चहा गोड. रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली होती, जिनिंगकडे निघालेल्या. आत्याने त्या बैलांकडे पाहिलं आणि मान वळवली. कारण सांगते.

पंचाहत्तर साली मोठेबाबांच्या मुलाचं लग्न होतं. आत्या पुलगाव स्टेशनवर उतरणार आणि तिला न्यायला नाचणगावहून दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, येणार असं ठरलं होतं. ती आली नाही. आत्याने दोन तास वाट पाहिली, मग डोक्यावर ट्रंक घेऊन चालत लग्नघरी पोहोचली. मांडवातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. जेवली नाही, परत गेली. मोठेबाबांचं म्हणणं, दमणी स्टेशनवर होती. आत्याचं म्हणणं, भाऊ खोटं बोलतो. नंतरच्या दोन लग्नांना मोठेबाबा तिच्या दारात बोलावणं घेऊन गेले नाहीत आणि ती आली नाही.

बोरधरणच्या थांब्यापासून कॅम्प सव्वा किलोमीटर. वाट सागाची. जानेवारीत सागाची पानं सुपाएवढी वाळून पडतात आणि त्यांवरून चालताना आपलाच आवाज इतका होतो की बोलणं ऐकू येत नाही. आमच्यातल्या दोघांना ते सोयीचं होतं. डावीकडे झाडांतून धरणाचं पाणी दिसत राहतं. वानरं भरपूर. आत्याने गोरसपाकचा पुडा पदराखाली घेतला आणि पुढे चालणाऱ्या मोठेबाबांकडे बघून म्हणाली, "इथं सगळ्यायपासून जपून राहावं लागते."

कॅम्पवर मडावी नाकेदार भेटले. आमच्याकडे वनरक्षकाला नाकेदार म्हणतात. माणूस शांत, विडी कानावर. विश्रामगृहाच्या दोन खोल्या, सहा खाटा. तंबू आठ, एकेका तंबूत सहा माणसं. एक हातपंप. तो मी स्वतः मारून पाहिला: बादली भरायला बावीस दांडे लागतात. जाणाऱ्यांनी बादल्या जास्त न्याव्यात आणि पंप मारायला जावई. लाकूड तोडायला बंदी आहे. रोडगे, म्हणजे निखाऱ्यात भाजायचे कणकेचे गोळे, करायचे तर गोवऱ्या घरून आणाव्या लागतील.

"किती मानसं?" नाकेदारांनी विचारलं.

"बहात्तर किंवा एकोणपन्नास," मी म्हणाले.

"बहात्तर आले तर वाघ सेवाग्रामले जाऊन राहीन," ते म्हणाले. मग दोन टोकांना पाठ करून उभ्या असलेल्या दोघांकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई, तुमचे मायबाप लय दिवसाचे भांडलेले दिसते."

"बहीणभाऊ आहेत."

"मंग बराबर हाय."

आता मोजमाप. पिशवीतून मी टेप काढला. कापडी, तीस मीटरचा. ज्यांनी कधी टेप धरला नाही त्यांच्यासाठी: एक माणूस शून्याचं टोक खुणेवर धरतो, दुसरा टेप ताणून आकडा वाचतो आणि ओरडून सांगतो, तिसरा लिहितो. टोक धरणाऱ्याने 'धरलं' म्हटल्याशिवाय वाचणाऱ्याने वाचायचं नसतं. हे काम न बोलता होत नाही. हे मला घरून निघतानाच माहीत होतं.

शून्याचं टोक मी मोठेबाबांच्या हातात दिलं आणि त्यांना मोहाच्या झाडाशी उभं केलं. आत्याला टेपचं चाक देऊन मैदानाच्या पलीकडे नेलं. आकडे तिला वाचता येतात, चौथीपर्यंत शिकली आहे. मग मी वही घेऊन हातपंपाशी गेले. दोघांपासून भरपूर लांब.

"याले सांग, धर म्हना!" आत्या माझ्याकडे बघून ओरडली.

मी कानाला हात लावला. ऐकू येत नाही.

"तिले सांग, धरलं हाय!" मोठेबाबा ओरडले.

मी पुन्हा कानाला हात लावला. नाकेदार माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी कानावरची विडी काढली.

टेप मध्ये लोंबत होता. आत्याने ओढला, मोठेबाबांच्या हातून टोक सुटलं, सळसळत मैदानभर गेलं. ते चालत गेले, उचललं, परत झाडाशी आले. पुन्हा सुटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी टोक पायाखाली दाबलं आणि ओरडले, "वच्छे! जराशी हळू ओढ ना वं!"

सात वर्षांनी तिचं नाव घेतलं होतं. आत्या थांबली.

"तू नीट धर!" ती म्हणाली. "तुले कधी काही धरता आलं?"

"मी धरलं हाय! तूच हिसका देऊन राह्यली!"

"मंग बोलत काऊन नाई, धरलं म्हणून? मी काय देव हाय, समजाले? पुलगावले बी असीच उभी होती मी, दोन तास! फाटकापाशी! भाऊ येईन, भाऊ येईन म्हणून!"

"फाटकापाशी?" मोठेबाबांचा पाय टेपवरून हलला नाही. "कोनत्या फाटकापाशी?"

"मोठ्या लायनीच्या! वर्ध्याहून गाडी दुसऱ्या लायनीवर येते काय?"

"अवं, तू तवा आर्वीले होती ना पोरीकडं? आर्वीहून येशीन म्हणून दमणी छोट्या लायनीपाशी जुंपून ठेवली होती! मी सोता होतो! सकाळपासून!"

"मी आर्वीहून दोन दिवस आंधी घरी गेलती! आहेराची ट्रंक घ्याले!"

ज्यांनी पुलगाव पाहिलं नाही त्यांना सांगते, स्टेशनच्या एका अंगाला मोठी रेल्वे आणि दुसऱ्या अंगाला आर्वीची छोटी गाडी. मध्ये रूळ आणि डबे. म्हणजे त्या दिवशी हे दोघं एकाच स्टेशनवर, एकाच वेळी, एकमेकांची वाट पाहत उभे होते.

मला वाटलं, संपलं. टेप खाली पडेल, कोणीतरी रडेल. मी वही मिटायला घेतली.

"मंग रूळ ओलांडून पाहाचं होतं ना!" मोठेबाबा ओरडले.

"डोक्यावर ट्रंक होती माह्या! तू पाहाचं होतं!"

"बैल सोडून?"

"बैल मोठे का बहीन मोठी?"

नाकेदार म्हणाले, "बाई, आकडा मिळाला का?"

"आत्या, आकडा!" मी ओरडले. आता मला सगळं ऐकू येत होतं.

"एकोनतीस चाळीस!" ती ओरडली. "आन त्याले सांग, टेप सोड म्हना आता!"

मी सांगितलं नाही. मोठेबाबांनी सोडला.

दुपारी आत्याने डबा उघडला. वांग्याची भाजी, ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी. मोठेबाबांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली नाही, पण हात धुवायलाही उठले नाहीत. आत्याने तिसरी त्यांच्या पानावर टाकली. नंतर नाकेदारांनी अर्जाचा कागद आणला आणि आकडा विचारला. मी मोठेबाबांकडे पाहिलं. त्यांनी पाण्याकडे पाहिलं. धरण चांगलं आहे, बघण्यासारखं. पण इतका वेळ नाही.

"एकोनपन्नास लिहा," आत्या म्हणाली. "मले कोनी बोलावलं नाई."

"कोरा राहू द्या," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारपर्यंत आणून देते." कागद मी वहीत ठेवला.

परतीची गाडी चारला. या वेळी बाकावर मी खिडकीशी बसले. त्यामुळे ते दोघं शेजारी आले. निरोप द्यायला कोणी नसल्याने दोघं वर्ध्यापर्यंत गप्प राहिले. स्टँडवर हिंगणघाटची गाडी लागलेली होती. आत्या चढली. मोठेबाबा खाली छत्री टेकून उभे.

"तिले सांग," ते मला म्हणाले, "खिडकी लावून घे. थंडी हाय."

"गाडी अजून उभी आहे," मी म्हणाले.

त्यांनी दोन पावलं टाकली. कंडक्टरने घंटी दिली. ते थांबले. गाडी गेली. खिडकी उघडीच होती.

घरी येऊन मी आराखडा काढला. जंगलातून एवढं आणलं होतं: वहीतली नऊ मापं, चपलेत अडकलेलं सागाचं देठ आणि दोन माणसांची भांडणाची रीत, जी मला आधी कळलेली वाटायची. मला वाटायचं, खरं कळलं की राग जातो. मोजमापात तसं होतं: चूक सापडली की आकडा जुळतो. इथे चूक सापडली, आकडा तसाच राहिला. आत्याला दमणीचं कारण नको होतं. तिला भाऊ दारात यायला हवा होता, आणि ते मला कुठल्याही टेपने जमवता येणार नव्हतं. म्हणून मी दोन आराखडे काढले. खोल्यांतल्या सहा खाटा धरून एकोणपन्नासांना कॅम्पचे आठ तंबू पुरतात. बहात्तरांना अकरा लागतात, तीन वर्ध्याच्या मंडपवाल्याकडून आणावे लागतील.

गुरुवारी अकराच्या सुमारास मोठेबाबा माझ्या कचेरीत आले. याआधी ते कधी आले नव्हते. धुतलेलं धोतर, हातात कापडी पिशवी. आत नारळ आणि कुंकवाची पुडी दिसत होती. त्यांनी माझ्या टेबलावरचे दोन्ही आराखडे पाहिले.

"हिंगणघाटची गाडी केव्हा हाय?"

"साडेअकराला."

"तू चाल ना संग. तू असली म्हणजे बोलाले बरं पडते."

"मला रजा नाही, मोठेबाबा."

"अर्ध्या दिवसाची बी नाई?"

"नाही."

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग टोपी नीट केली आणि निघाले. माझ्या सोळा रजा शिल्लक होत्या.

शनिवारी सकाळी, अर्ज द्यायला निघण्याआधी, आत्याचं कार्ड आलं. तिच्या मोठ्या, तिरप्या अक्षरात. 'दादा येऊन गेला. दोन घंटे बसला, तू नसून बी तिले सांग, तिले सांग म्हणत होता, पन माह्याशीच बोलत होता. बहात्तर लिहू नको. पंच्याहत्तर लिही. मोठ्या सुनेचे मायबाप आन मावशी बी येतो म्हणते.'

अर्जात मी शाईने पंच्याहत्तर लिहिलं. त्याला बारा तंबू लागतात आणि मैदानात मी अकरांचीच जागा धरली होती. बारावा तंबू वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसला, रोडग्यांच्या धुरात. त्यात सुनेचे मायबाप आणि मावशी. हे मी कोणाला विचारलं नाही, आणि कोणाचा निरोपही घेतला नाही.