कवळी गेली डोंगरात

ओजिमा या आपल्या लोकांनी गजबजलेल्या वस्तीतून नवऱ्याची बदली झाली तेव्हा मी चांगलीच हळहळले. तिथे बिल्डिंगखाली उतरलं की कढीपत्ता मिळायचा आणि मराठीत भांडायला माणसं मिळायची. इथे एक कारखाना, भातशेती आणि एक स्टेशन. स्टेशन एवढंसं, पण तोरा जंक्शनचा. मोठ्या शहराकडून गाडी येते, इथे थांबते आणि मधोमध सोडवली जाते. पुढचे डबे समुद्राकडे जातात, मागचे डोंगरात. आमच्या बैठकीच्या खिडकीतून हे सगळं दिसतं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, तीन महिन्यांसाठी आले आणि त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसले. पहिल्या आठवड्यात गाड्यांचं कौतुक झालं. दुसऱ्या आठवड्यात कुरकुर सुरू झाली.

"मला एकट्याला जाऊ दे की जरा!"

"बाबा, तुम्हाला जपानी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत. हरवलात तर?" नवऱ्याचं ठरलेलं उत्तर.

"अरे, बँकेच्या तपासणीसाठी उभा जिल्हा एसटीने पालथा घातलाय मी. कधी हरवलो नाही!"

"ही एसटी नाहीये."

एका रात्री जेवताना बाबांनी ताट बाजूला सारलं. "माझं तिकीट बदलून दे. पुढच्या आठवड्यात जातो. खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायला मी काय पिंजऱ्यातला पोपट आहे?"

बाबा आल्यापासून दिवसभर घरात कोणीतरी माझ्याशी मराठीत बोलत होतं, माझ्या आमटीला नावं ठेवत होतं. ती चैन मला इतक्या लवकर सोडायची नव्हती. मग मीच तोडगा काढला. उद्या मी बाबांबरोबर समुद्रापर्यंत जाऊन येते. सगळं नीट पार पडलं तर परवापासून ते एकटे जातील. नाही पार पडलं तर खुशाल तिकीट बदलावं. नवरा कसाबसा कबूल झाला.

"परीक्षाच म्हणायची," बाबा म्हणाले आणि सकाळी आंघोळ करून, भांग पाडून तयार झाले.

आता इथे कवळीबद्दल सांगायला हवं. इकडे येण्याआधी बाबांनी घाईघाईत नवी कवळी करून घेतली होती. ती हिरडीला टोचायची. त्यामुळे संधी मिळाली की ते हळूच ती काढायचे, आपल्या निळ्या चौकटीच्या रुमालात गुंडाळायचे आणि रुमाल खिशात ठेवायचे. बोलायची वेळ आली की पाठ फिरवून परत बसवायचे. मला हे माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि सांगायची सोय नव्हती.

स्टेशनवर गाडी उभीच होती. "बाबा, पुढच्या डब्यात हं," मी म्हटलं, "मी समोरच्या कोंबिनी दुकानातून चहा घेऊन आलेच." चहाच्या बाटल्या घेऊन वळते तर बाबा प्लॅटफॉर्मवर उभे, हात पाठीमागे बांधून. दोन कर्मचारी डबे सोडवत होते आणि बाबा अगदी साहेबाच्या थाटात त्यांच्यावर देखरेख करत होते. खटक असा आवाज झाला, शिट्टी वाजली आणि मागचे डबे डोंगराकडे निघून गेले.

"चला बाबा, बसू या."

"मागच्याच डब्यात बशायचं," बाबा बोबडं बोलले. "खिडकीची जागा धललीय तुझ्याशाठी. लुमाल टाकलाय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी रुळांकडे बघितलं. मग त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगं बाई! रुमालात कवळी होती?"

त्यांनी मान डोलावली. मला इतकं हसू आलं की चहाची बाटली हातातून पडली. आणि मग लगेच रडूच यायला लागलं. बाबांचा चेहरा पार उतरला होता. पुढच्या आठवड्याचं विमान त्यांना समोर दिसत होतं, आणि मलाही.

स्टेशनच्या खिडकीत एक तरुण कर्मचारी बसला होता, टोपी सरळ, हातमोजे पांढरेशुभ्र. रुमाल सांगता आला मला. कवळीचा शब्द काही आठवेना. शेवटी मी लाज सोडली. तोंडात हात घालून दात उपटल्याचा, ते गुंडाळल्याचा आणि गाडी झुकझुक डोंगरात गेल्याचा पूर्ण प्रयोग करून दाखवला. मागे बाबांनी तोंड उघडून पुरावा सादर केला. त्या पोराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने वाकून नमस्कार केला आणि फोन उचलला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा. "पोचलात का? बाबांना दे जरा."

दिला. दुसरं करणार काय? बाबा म्हणाले, "हं." मग थोड्या वेळाने, "हं हं." आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"रागावलेत का गं?"

"छे! समुद्र बघून भारावलेत," मी म्हटलं.

पुढच्या स्टेशनवरून निरोप आला. रुमाल सापडला होता, कवळीसकट. कर्मचाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. डबा शाळेला निघालेल्या मुलांनी गच्च भरला होता, पण रुमाल ठेवलेल्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. सगळी आजूबाजूला उभी राहून गेली.

मी हे सांगितल्यावर बाबांची छाती फुगली. कवळी नाही याचंही भान राहिलं नाही. एसटीत उभा जन्म रुमाल टाकले, म्हणे, आणि दरवेळी कोणीतरी ते उचलून वर त्यांच्यावरच डोळे वटारले. रुमालाचा मान राखणारी माणसं त्यांना आज भेटली होती!

परतीच्या गाडीच्या ड्रायव्हरने दोन्ही हातांनी एक पारदर्शक पिशवी आमच्या हवाली केली. आत कवळी, आणि शेजारी घडी घातलेला रुमाल. बाबांनी पाठ फिरवून नळावर कवळी धुतली, बसवली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "समुद्र राहू दे. घरी चल आणि तोंड बंद ठेव."

ठेवलं मी. पण दुसऱ्या दिवशी नवरा संध्याकाळी आला तो गंभीर चेहऱ्याने. बूट काढता काढता म्हणाला, "स्टेशनवर मला थांबवून एकाने विचारलं, वडिलांचे दात व्यवस्थित आहेत ना?"

बाबा उठले, आत गेले आणि कपाटावरची बॅग खाली काढू लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

नवरा दारात जाऊन उभा राहिला. "बॅग वर ठेवा. दोन्ही लाइनींना तुम्ही माहीत झालात. त्या पोराने मला बजावून सांगितलंय की आजोबा दिसले की आम्हीच त्यांना पुढच्या डब्यात बसवू. आता तुम्ही ठरवून हरवायला निघालात तरी ही माणसं हरवू देणार नाहीत. उद्यापासून जा एकटे. पण कवळी तोंडात!"

बाबा गेले की! रोज गेले. समुद्र झाला, डोंगर झाला, मधली सगळी स्टेशनं झाली. तो पांढऱ्या हातमोज्यांचा पोरगा त्यांना बघून हात जोडायला शिकला.

तीन महिने संपले, बाबा परत गेले. विमानतळावरून घरी आलो तर खिडकीशी त्यांची खुर्ची, आणि खुर्चीवर निळ्या चौकटीचा रुमाल, नीट पसरलेला. विसरले असतील म्हणून मी फोन केला, तर पलीकडून नुसतं खुदकन हसू आलं.

परवा जेवायला पाहुणे आले आणि बसायला खुर्च्या कमी पडल्या. एक जण खिडकीकडे वळला, तसा माझा नवरा, तोच तो, घाईघाईने आडवा गेला.

"तिथे नको," तो म्हणाला, "ती जागा धरलेली आहे."