मास्तरांचे बावीस पॉइंट

आमच्या सात जणांच्या सॉफ्टवेअर टीमचे स्क्रम मास्टर, म्हणजे कामाची घडी बसवणारे, ते मास्तर. पंधरा वर्षं टेस्टिंग केलेले, तोंडाचे फटकळ. त्यांची बायको म्हणायची, ह्यांना गोड बोलायला लावलं की घसा बसतो.

रोज सकाळी फळ्यापुढे दहा मिनिटं उभं राहायचं, कोण कुठे अडलंय ते सांगायचं, की सुटलो. लॉगिनच्या पानावरचं बटण बदलणं म्हणजे एक पॉइंट. बाकी कामं त्या मापाने. दोन आठवड्यांत, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये, आमचे बावीस व्हायचे. पुढे किती काम अंगावर घ्यायचं, एवढंच त्यातून कळायचं.

मग कंपनीत एका टीमच्या नऊ झाल्या आणि कामाची पद्धत शिकवायला वरून एक कोच आला. कामापेक्षा पाट्या बदलायचीच त्याला हौस. नऊ टीमची मिळून ‘ट्रेन’. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटवर तीन महिन्यांच्या कामाचं ‘इन्क्रिमेंट’ बसलं. दहा मिनिटांच्या भेटीचा तासाभराचा ‘सिंक’ झाला, त्यात खुर्च्या आल्या. पॉइंट हा शब्द मात्र त्याने तसाच ठेवला आणि नऊ टीमचे आकडे एका तक्त्यात मांडले. शेजारची टीम एकसष्ट. आम्ही बावीस, तळाला. तळाची टीम फोडून बाकीच्यांत वाटणार, असंही हसतमुखाने सांगितलं.

“तिपटीने वाढवा, मास्तर,” आमची डेटाबेसवाली म्हणाली. “शेजारचे बटणाला पाच देतात. बटणाला.”

“त्यांनी लाज सोडली म्हणून आपण सोडायची?”

“तुमच्या लाजेपायी आम्ही आठ दिशांना जायचं?”

मास्तरांनी पुढच्या सिंकमध्ये सगळ्यांसमोर शेजारच्या प्रमुखाला विचारलं, “तुमचं बटण किती पॉइंटचं?”

“पाच.”

“आमचं एक. तुमच्या मापाने आम्ही एकशेदहा. कोच, फाडा तो तक्ता.”

“तक्ता राहील,” कोच म्हणाला. “हवं तर एकशेदहा लिहितो. पहिले याल.”

डेटाबेसवालीने मागून मास्तरांच्या खुर्चीला पाय मारला.

“नका लिहू,” मास्तर म्हणाले. “तो आकडाही खोटाच. एकाच्या घरची वाटी दुसऱ्याच्या घरी मापाला चालत नाही.”

“मग बावीस,” कोच म्हणाला आणि पुढच्या टीमकडे वळला.

सोमवारी टीम फुटली. डेटाबेसवालीने मॉनिटर उचलला तेव्हा मास्तर दार धरायला पुढे झाले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “तुमचा खरेपणा सांभाळा.” आणि खांद्याने दार ढकलून निघून गेली.