पेठ नाक्यावर उतरवलेली आत्या

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. डेपोतल्यांचं म्हणणं असं, की वळणावर माझं नाक दिसायच्या आधी राग दिसतो. मी बावीस वर्षं कंडक्टर आहे. रुमाल टाकून जागा धरणारे, दारात लोंबकळणारे, उलटी येतेय हे उलटी झाल्यावर सांगणारे, सगळ्यांशी माझी रीतसर भांडणं झालेली आहेत आणि त्यातल्या एकाचाही मला पश्चात्ताप नाही. ज्याचा आहे ते भांडण सख्ख्या बहिणीशी झालं. भांडण तरी कसं म्हणू, ती बिचारी भांडलीच नव्हती.

आम्ही ख्रिस्ती, आजोबांपासून साताऱ्याच्या चर्चला जाणारे. पण धर्म बदलला म्हणून चालीरीती थोड्याच सगळ्या बदलतात? गावात बारशाला जो मान आत्याचा, तोच आमच्या घरात बाप्तिस्म्याला. बाळाला पांढरं झबलं घालून पाळकांपुढे न्यायचं ते आत्यानं. पवित्र शास्त्रात हे कुठंही लिहिलेलं नाही. पण मला माझ्या आत्यानं नेलं, वडलांना त्यांच्या आत्यानं नेलं, आणि आत्याला डावलण्याची हिंमत आजवर एकाही पाळकानं केलेली नाही. ती हिंमत मी केली.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई कामाला जायची तेव्हा मी अक्काच्या कडेवरच वाढलो. तिला आष्ट्याला दिली. माझ्या थोरल्याचा बाप्तिस्मा ठरला, तेव्हा मी सांगलीच्या मुक्कामी गाडीवर होतो. सकाळी लवकर सांगलीहून निघायचं, वाटेत आष्ट्याला अक्काला घ्यायचं आणि दहाच्या उपासनेला साताऱ्यात हजर व्हायचं, असा बेत. दाजींना काम होतं, म्हणून ती एकटीच गाडीत चढली. नवं लुगडं, डोक्याला चपचपीत तेल आणि हातातल्या पिशवीत जेवणासाठी दोन कोंबडे.

इस्लामपूर येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक झालं होतं, की कंडक्टर तिचा भाऊ आहे, आज त्याच्या लेकाचा बाप्तिस्मा आहे आणि आत्या म्हणून आज सगळं हिच्याच हातात आहे. इथवर ठीक होतं. पुढे एका कोंबड्याच्या पायाची दोरी सुटली. तो उडाला आणि एका म्हाताऱ्याच्या पटक्यावर जाऊन बसला. मी आवरायला गेलो, तर पंख फडफडवत माझ्याच अंगावर आला. मी दोन पावलं मागं सरलो. झालं. अक्का पोट धरून हसली आणि गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "लहानपनापास्नं कोंबड्याला लय भितोय त्यो. चड्डी वली करायचा."

पन्नास माणसं हसली. ड्रायव्हर हसला. अंगात खाकी असली की माणसाला आपण फार मोठे वाटतो आणि त्या दिवशी मला माझा मोठेपणा फार प्यारा होता. गाडीत कोंबडी आणायला परवानगी नाही, असं म्हणून मी घंटीची दोरी ओढली आणि पेठ नाक्यावर तिला उतर म्हणालो. तिला आधी थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून ती उठली. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत कोंबडा. ती खाली उतरली आणि मी डबल बेल दिली.

कऱ्हाड येईपर्यंत राग उतरला होता. मनाशी म्हटलं, मागून गाड्या आहेतच, येईल. ती आली नाही. चर्चमध्ये शेजारच्या काकूंनी बाळाला पुढं नेलं. आत्या कुठं आहे, असं जुन्या पाळकसाहेबांनी विचारलं आणि मी भर वेदीपुढं सांगितलं, की तिला ताप भरलाय. भला माणूस तो. त्यांनी तिथल्या तिथं सगळ्या मंडळीला डोळे मिटायला लावून तिच्या तापासाठी प्रार्थना केली. मग मला विचारलं, या मुलाला सत्यात आणि प्रीतीत वाढवाल का? मी म्हणालो, होय.

खोटं बोलून दोन मिनिटंही झाली नव्हती. तेव्हाच आष्ट्याला जाऊन पाय धरले असते तर चार दिवसांत मिटलं असतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी डेपोत अर्ज करून सांगलीची ड्यूटी सोडली आणि महाबळेश्वरची घेतली, का, तर वाटेत आष्टा लागू नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीची भाकर सगळ्यांनी वाटून खायची. ती भाकर हातात घ्यायची मला लाज वाटे, म्हणून त्या रविवारची ड्यूटीही मी मागून घेई. सोबत्यांना फुकट सुटी मिळायची. त्यांना मी फारच धर्मात्मा वाटत असणार.

अशी नऊ वर्षं गेली. मग आम्हाला, अगदी ध्यानीमनी नसताना, मुलगी झाली. बाप्तिस्म्याचं बोलणं निघालं तशी बायको म्हणाली, आत्या येणार असेल तरच बाप्तिस्मा, नाहीतर पोरगी राहू दे तशीच. माझ्या बायकोचा आवाज कधी चढत नाही, आणि म्हणूनच तिच्यापुढं माझं काही चालत नाही.

त्याच आठवड्यात पाळकबाई घरी आल्या. आमच्या चर्चला आता बाई पाळक आहेत, वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, स्कूटीवरून फिरतात. बाप्तिस्म्याच्या वेळचे प्रश्न आईबापांना आधी समजावून सांगायचे असतात, त्यासाठी आल्या होत्या. चहा आला. मग म्हणालो, बाई, एक विनंती आहे, मला पुन्हा बाप्तिस्मा द्या. वेगळा थाट नको, पोरीच्याच पाण्यात माझंही उरकून टाका. माझा पहिला काही लागू पडलेला दिसत नाही.

त्यांनी कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. कोंबड्यापाशी त्या हसल्या, तापाच्या प्रार्थनेपाशी हसायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "दादा, तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही केवढे होता?"

चार महिन्यांचा, मी म्हणालो.

"मग त्या दिवशी देवाला तुम्ही काय वचन दिलंत?"

मी म्हणालो, चार महिन्यांचं पोर कसलं वचन देणार, दुधासाठी रडत असेल.

"म्हणजे आधी वचन दिलं ते देवानं. तू माझा आहेस, तुझी पापं मी धुतो, असं. तुमचा एकही गुण दिसायच्या आधी दिलं, मग ते तुमच्या अवगुणानं कसं मोडेल? तुम्ही मोडलं ते तुमचं. त्याचं शाबूत आहे. मी दुसऱ्यांदा पाणी घातलं तर पहिल्या वेळी देव खोटं बोलला असा अर्थ होईल, आणि ते मी करणार नाही." कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आष्ट्याला गाडी किती वाजता आहे?"

मला रडू आलं. पोरीच्या दुपट्यानं मी डोळे पुसले. नऊ वर्षं मला वाटत होतं, की माझं नाव देवानं केव्हाच खोडून टाकलं असणार. ते तसंच आहे हे ऐकून इतकं हलकं वाटलं, की उठून पाळकबाईंच्या स्कूटीचे आरसे पुसून दिले. पण देवानं धरून ठेवलं म्हणून अक्का धरून ठेवील असं थोडंच आहे? ती भीती आता जास्तच जाणवायला लागली.

साप्ताहिक सुटीला साध्या कपड्यांत आष्ट्याला गेलो. दाजी दारात होते. त्यांनी आत वळून हाक दिली, "आगं, कंडक्टर आल्यात. कोंबड्या झाक." अक्का परातीत पीठ मळत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मळायला लागली. मी उसाची चौकशी केली, रस्त्याची केली, म्हशीचीही केली. सगळे विषय संपले तेव्हा तिच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, "अक्का, माझं चुकलं. मला माफ कर."

"नऊ वर्सं लागली व्हय रं आष्ट्याला यायला? गाड्या तर रोज जात्यात हितनं." एवढंच बोलून ती चहा ठेवायला उठली.

चहा पिताना तिनं विचारलं, थोरल्याला शेंगदाण्यानं अजून पुरळ उठतं का? मी चाटच पडलो. ते तर घर आणि डेपो सोडून कुणालाच माहीत नव्हतं. दाजी हसायला लागले. मग समजलं, की आष्ट्यावरून जाणाऱ्या आमच्या डेपोच्या प्रत्येक गाडीला अक्का गाठायची आणि पोराची खबर घ्यायची. माझा एक सोबती दर नाताळात, बायकोनं केल्यात म्हणून, करंज्यांचा डबा आणून द्यायचा, त्या अक्काच्या होत्या. माझ्या बायकोला पहिल्या वर्षीच चवीवरून कळलं होतं. मीच एकटा त्या मिटक्या मारत खात होतो आणि सोबत्याच्या बायकोची तारीफ करत होतो.

अक्का म्हणाली, "त्याची आत्या हाय मी. तू गाडीतनं उतरवलंस म्हनून आत्यापन सुटतंय व्हय?"

पण हे झालं पोरापुरतं. माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. रविवारी येशील ना, असं निघताना विचारलं, तर म्हणाली, बघू.

रविवारी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. घंटा झाली, पहिलं गीत झालं, ती नाही. आत गेलो तर बायको पोरीला मांडीवर घेऊन माझ्याकडे बघतेय. दुसऱ्या गीताच्या मध्यावर मागचं दार वाजलं. अक्का आली, दाजी आले. तिनं कुणाला काही न विचारता पोरीला उचललं, झबलं सारखं केलं आणि पहिल्या बाकावर ऐसपैस बसली.

पाण्याआधी मी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. म्हणालो, नऊ वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या बहिणीच्या तापासाठी प्रार्थना केलीत, तिला ताप नव्हता, मी तिला पेठ नाक्यावर उतरवून आलो होतो आणि तुमच्याशी खोटं बोललो. मग सगळ्यात आधी अक्काच हसली आणि मग सगळे बाक हसले. या वेळी मला राग आला नाही.

पाळकबाईंनी आम्हा दोघांना प्रश्न विचारले. मग रीतीप्रमाणे मंडळीला विचारलं, या बाळाला प्रभूच्या मार्गात वाढवायला तुम्ही मदत कराल का? सगळे उभे राहिले आणि एका आवाजात "होय" म्हणाले. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं तीन वेळा पोरीच्या डोक्यावर पाणी पडलं. तिनं एकदा डोळे उघडले आणि आत्याच्या खांद्यावर पुन्हा झोपून गेली.

जेवणं झाल्यावर अक्का भिंतीला टेकून बसली होती, पोरगी मांडीवर. मी शेजारी बसलो आणि विचारलं, मला माफ केलंस का नाही, ते अजून सांगितलं नाहीस.

"तवाच केलं की," ती म्हणाली. मग सांगत बसली. दहा वाजेपर्यंत ती नाक्यावरच थांबली होती, मला येतील तेवढ्या शिव्या देत. मग आष्ट्याची गाडी धरली. "साडेधा वाजलं आसतील. म्हटलं, आता पाळकसाब मंडळीला इचारत्याल. मीबी मंडळीतलीच हाय. तशीच गाडीत हुबी ऱ्हायले आन् मोठ्यांदा होय म्हनले. कंडक्टर म्हनला, मावशी, बसा, आष्टा लांब हाय. आता एकदा होय म्हनल्यावर तुझ्यावर राग धरायचा कसा रं?"

साडेदहा म्हणजे मी साताऱ्यात वेदीपुढं उभा राहून तिला ताप आलाय म्हणून सांगत होतो, तीच वेळ.