माणूस नसलेला प्लांट

माझा केमिकल प्लांट हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर चालायचा. म्हणजे लॅपटॉपमध्ये. पीएचडीसाठी मला प्लांट बिघडतानाचा डेटा हवा होता आणि कुठलाही कारखाना तो देईना. आमच्याकडे काही बिघडतच नाही, हे सांगण्यात सगळे पटाईत. शेवटी मी गणितं मांडून एक खोटा रिॲक्टर उभा केला, त्याला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपात हळूहळू क्षार साचवले आणि तापमान कसं चढतं ते हजारो वेळा नोंदवलं. त्यावरून एक प्रोग्राम धोका आधीच ओळखायला शिकणार होता. सात महिने गेले त्यात. आठ दिवसांनी पेपर पाठवायचा होता आणि सर खूश होते.

रविवारी दुपारी बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांचा जन्म गेला केमिकल कारखान्यात ऑपरेटर म्हणून, पण माझ्या कामात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं.

“हे असं सरळ वर जातंय?”

“क्षार साचतायत ना, म्हणून.”

“आणि ऑपरेटर काय झोपा काढतोय?”

मला मिरच्या झोंबल्या. “यात ऑपरेटर नाहीये, बाबा.”

“मग हा कसला प्लांट? अगं, तापमानाचा काटा जरा हलला की आम्ही पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा उघडायचो. अलार्म वाजायच्या आत. पुढच्या शिफ्टवाला आणखी अर्धा. तुझी ही रेघ सपाटच राहणार, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडून झाला की मग कुणाच्या बापाला आवरत नाही.”

“लॉगबुकात लिहायचात हे?”

“नॉर्मल लिहायचो.” अलार्म वाजला की साहेब येणार, प्लांट बंद, चौकशी. ज्याच्या ड्यूटीत वाजत नाही तो हुशार, असा तिथला रिवाज.

सात महिने मुसळ केरात. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. सरांना कुठे कळणार होतं? पेपर तपासणाऱ्यांनी तरी कधी व्हॉल्व्ह हाताने फिरवला असणार?

बाबा हलले नव्हते. “एकदा माझ्यानंतर आलेल्याला व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच मिळाला,” ते म्हणाले. “मी सांगितलं नव्हतं. त्याने हात घातला तर फिरवायला काही उरलंच नव्हतं. रिॲक्टर उसळला. कोपरापर्यंत भाजला त्याचा हात. चौकशीत मशीनचा दोष निघाला.”

हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि कीवही आली.

सोमवारी मी सरांना सांगितलं, डेटा चुकीचा आहे, नव्याने तयार करणार.

“अगं, सगळे असाच डेटा वापरतात.”

“वापरू देत, सर.” पेपर त्या वर्षी गेला नाही.

मग बाबांना शेजारी बसवलं. काटा किती हलला की हात व्हॉल्व्हकडे जायचा, किती फिरवायचा, शिफ्ट संपत आली की जरा जास्तच का, सगळं विचारत गेले. खालच्या गाळ्यातल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं. “असं मोजून कोण फिरवतं?” म्हणून ते चिडायचे. “तेव्हा नाही मोजलं, आता मोजा,” मी म्हणायचे. दोन महिन्यांनी प्रोग्राम शिकला. तापमान सपाट असलं तरी पाणी जास्त वाहतंय हे बघून तो इशारा द्यायला लागला.

“किती आधी सांगतोय?” बाबांनी विचारलं.

“एक अख्खा दिवस.”

त्यांनी बोटांवर शिफ्ट मोजल्या. “म्हणजे माझ्याच ड्यूटीत वाजला असता.” मग म्हणाले, “आणि मी तो बंद करून घरी आलो असतो गं.”

मी त्यांची समजूत घातली नाही. “मग तेही घालते यात. ऑपरेटर इशारा बंद करतो आणि पुढच्याला सांगत नाही.”

“घाल,” ते म्हणाले. “आणि कुणी विचारलं, असं कोण करतं, तर माझं नाव दे.”