दरीपलीकडची बादली

मालिपुओ वहिनीच्या पायाला भिंगरी होती. लेसोथोच्या डोंगरांत पाहुण्यांना घोड्यावरून धबधबे नि खेडी दाखवत ती पंचवीस वर्षं हिंडली. माझा थोरला भाऊ तेफो दारात बसून तिची वाट बघायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला आणि वहिनीच्या अंगावर सुतकाचा काळा कपडा आला. सहा महिने सूर्य बुडायच्या आत घरात यायचं, आणि बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

नेमकी तेव्हाच लेक लिपुओ पोटुशी. पहिलं बाळंतपण आमच्यात माहेरी होतं, पण सुतकाच्या घरी कसं आणणार? ती सासरीच राहिली, धबधब्यापलीकडच्या गावात. वहिनीला चैन पडेना. चूल पेटवायची, विझवायची, पुसलेलं खोगीर पुन्हा पुसायची. लेकीचे दिवस भरत आले तशी ती रोज पहाटे घोडीवर निघायची. दरीच्या अलीकडच्या कड्यावरून पलीकडचं घर बघायची नि उन्हं कलली की परतायची.

"एक दिवस ही दरी ओलांडणार," आमची थोरली बहीण मात्सेलिसो मला म्हणाली. "आवर तिला. तू दीर ना तिचा? की नुसता जेवण्यापुरता दीर?"

मला घोड्यावर बसायचा जन्माचा कंटाळा. तरी गेलो मागोमाग.

वहिनी कड्यावर उभीच होती.

"भाऊजी, आज धूर नाही घरातून."

"शेतावर गेले असतील."

"बाळंतीण आत टाकून?"

धबधब्याच्या आवाजात हाक पोचणं शक्य नव्हतं. तिनं रिकिबीत पाय घातला. मी लगाम धरला.

"सोडा."

"वहिनी, सुतक आहे."

"माझी पोर आत मरत असेल, तर त्या सुतकाला कोण येणार, तुम्ही?"

मी लगाम सोडला नाही. लाज वाटत होती, म्हणून तिच्याकडे बघितलंही नाही.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं. जावई बाहेर आला आणि डोकं धरून उंबऱ्यावर बसला. वहिनीची बोटं माझ्या मनगटात रुतली. मागून एक म्हातारी बादली घेऊन आली आणि तिनं ती त्याच्या डोक्यावर उपडी केली. मुलगा झाला की बापाला काठीचा फटका बसतो, मुलगी झाली की पाणी. अंगणात बायका नाचायला लागल्या. बाळंतीण सुखरूप असल्याशिवाय कोणी नाचत नाही.

वहिनी मटकन खाली बसली आणि तेफो गेल्यावर रडली नव्हती तेवढी रडली. मग उठली, घोडीला पाणी पाजायचा डबा झऱ्यावर भरला आणि माझ्या डोक्यावर ओतला.

"हे तुमच्या भावाच्या वाट्याचं."

परतताना पहिल्यांदाच तिनं घोडी सावकाश चालवली. घाई करा म्हणायला माझी जीभ रेटेना. पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. मात्सेलिसो कमरेवर हात ठेवून दारात उभी. तिनं तोंड उघडलं, तोच तिचं लक्ष माझ्या अंगावरच्या घोंगडीकडे गेलं. जवळ येऊन तिनं घोंगडीचं टोक मुठीत पिळलं. पाणी गळलं.

"मुलगी," ती म्हणाली, आणि आम्हाला आत घ्यायला दारातून बाजूला झाली.