एकशे अठरावा माणूस

साल २०२३. मी एकाहत्तर वर्षांचा. नागपूरच्या विमानतळावर धाकटा भाऊ नामा म्हणे, "दादा, घराची फिकर नको करू. मी आहो ना गा!" ह्या एका बोलावर चावी त्याच्या हातात दिली अन् पोराकडं, सुधाकरकडं, फ्रान्सले गेलो.

मले वाटे, सुधाकर शहरात असंल. निघालं खेडं. एक चर्च, एक पावाचं दुकान, तेही हप्त्यातून तीन दिवस उघडं. शाळा पोरांवाचून बंद. म्हातारेच जास्त. मी चौथी शिकलेला, त्यायची भाषा मले कुठून समजणार? पण रस्त्यानं जाणारा हरेक माणूस "बोंजूर" म्हटल्याबिगर पुढं जाये नाही. उन्हाळ्यात तिथली सरपंचबाई साऱ्या गावाले चौकात एका लांब टेबलावर जेवाले बसवते. ताट-चमचा ज्यानं त्यानं घरून आणायचा. बाईनं माणसं मोजली अन् माझ्याकडं पाहून काहीतरी बोलली. सुधाकर म्हणे, "बाबा, ती म्हणते, गाव एकशे सतराचं होतं, आता एकशे अठराचं झालं." पाहुणा म्हटलं नाही तिनं मले. खोटं काहून बोलू, छाती फुगली.

दोन वर्षांनी नामाच्या पोराचं लग्न ठरलं म्हणून मी आलो. नागपूरच्या इतवारी बाजारातून नवरदेवासाठी फेटा घेतला. कळमेश्वरवरून ऑटोनं गावात उतरलो, त माझ्या घरात नामाचे संत्र्याचे कॅरेट, पार छतापर्यंत. एक कोपरा झाडून पथारी टाकली. नामा तोंड चुकवून राहिला होता. मी म्हटलं, लग्नाची धावपळ असंल.

आमच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी घरोघरी चूलबंद आवतन फिरते. ज्या घराले आवतन, त्या घरची चूल लग्नाच्या दिवशी पेटत नाही, सारं घर मांडवात जेवते. ज्याले वगळलं, तो गावचा नाही. बाप म्हणे, "भांडण ठेवा, पण आवतन चुकवू नका."

आवतन सांगणारा रामदास शेजारच्या घरी सांगून माझ्या दारावरून पुढं निघाला.

"काहून गा, मी दिसत नाही काय तुले?"

त्यानं मान खाली घातली. "काकाजी, नामाभाऊनं तुमचं घर आवतनात धरलं नाही. म्हणे, तुम्ही आता तिकडचेच. घर त्यायलेच देऊन गेले म्हणे."

ज्याले खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्यानं हे केलं. अन् गाववाल्यांनो, तुम्हीही ऐकून घेतलं. एकानंही विचारलं नाही. फोनवर सुधाकर म्हणे, "बाबा, परत या, इथं तुमची जागा आहे." आहे, मले माहीत आहे. तिथं मान भेटला. पण बाहेर गेलेल्या माझ्यासारख्यायनो, मानासाठी माणूस आपलं दार सोडत नाही. माझं घर हेच, कोणी धरो का न धरो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, साऱ्या गावाच्या चुली थंड असताना, मी कॅरेट उचलून रस्त्यावर ठेवले, अंगणात तीन दगड मांडले, अन् नामाच्या मांडवातून धूर दिसंल अशी चूल पेटवली.