बुधवारची बैठक

दारू सुटल्यावर माणसाकडे काय उरतं? किस्से! आमच्या गटात बसून बसून माझ्याकडे इतके साचलेत, की फळ्यावर गणित लिहितानाही एखादा आठवतो आणि खडू थांबतो. गटातलं गटातच ठेवायचं, हा नियम. म्हणून नावं बदलली आहेत, आणि ज्याचा किस्सा त्याला विचारूनच सांगतोय.

*

मी धानोऱ्याकडच्या एका खेड्यात शिक्षक. जिल्हा दारूबंदीचा, तरी मी बारा वर्षं प्यालो. काय ते समजून घ्या!

एका सकाळी पहिलीतल्या पोरीनं भर वर्गात विचारलं, "गुरुजी, तुमच्या तोंडाले माह्या बाबासारखा वास काऊन येते?"

त्याच आठवड्यात दारू सोडणाऱ्यांचा गट शोधत तालुक्याला गेलो. पानठेल्यावर हळूच विचारलं, "भाऊ, बुधवारची बैठक कुठी असते?"

ठेलेवाल्यानं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यापेक्षा हळू आवाजात म्हणाला, "मागच्या गल्लीत. निळं दार. दोनदा वाजवा."

वाजवलं. एका बाईनं दार उघडलं आणि काही न विचारता हातात मोहाच्या दारूचा ग्लास दिला!

तो ग्लास धरून मी किती वेळ उभा होतो, देव जाणे. शेवटी कसाबसा बोललो, "बाई, मी सोडायच्या बैठकीला आलोय."

बाईनं ग्लास काढून घेतला. "मंग आधी सांगा ना बापा! ते वाचनालयात बसतेत. माहा नवराच जाते तिथी!"

*

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर सात-आठ जण बसले होते. समोर हवालदार! साध्या कपड्यांत होते, पण गावोगाव दारूच्या धाडी टाकणारा तो चेहरा मी विसरणार होतो थोडाच?

फसलो, असं म्हणून मी मागे वळलो. मागून आवाज आला, "गुरुजी, पळू नका. आज मी पकडाले नाई, सुटाले आलो!"

*

आमच्यात मडावीभाऊ आहेत. जंगलाला लागून शेती, उन्हाळ्यात मोहफुलं अन् तेंदूपत्ता. ते पहिल्या दिवशीच म्हणाले, "आमच्या पूजेत देवाले मोहाची लागते. तिथी मी नाई कसा म्हणू?"

दुसऱ्याची श्रद्धा, तिथं आम्ही काय बोलणार? शेवटी ते गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्यालाच विचारायला गेले. पुढच्या बुधवारी परतले ते पार हादरून.

"काय म्हणला पुजारी?" हवालदारांनी विचारलं.

"म्हणला, देवाले थेंब लागते रे! मडकंभर तूच पेत होता, अन् नाव देवाचं!"

*

हा माझ्या घरचा. महिना झाला होता मला दारू सोडून. गटात टाळ्या वाजल्या, मी छाती फुगवून घरी आलो. संध्याकाळ झाली तशी बायकोनं नेहमीसारखी माझ्या खाटेजवळ बादली आणून ठेवली. मी प्यायचो तेव्हा ओकारीसाठी ठेवायची ती बादली!

माझं डोकंच फिरलं. "आता काऊन ठेवतेस?"

तिनं बादलीकडे असं बघितलं, जणू ती स्वतः चालत आली होती. "मले कळलंच नाई हो," ती म्हणाली. "हातच ठेवून जाते."

ती बादली हलायला आणखी चार महिने लागले.

*

नामदेवकाका मूळचे चिमूरकडचे. मुलीकडे राहायला आले आणि गटात येऊ लागले. दर बुधवारी खिडकीखाली बसायचे आणि एकच वाक्य बोलायचे, "माहा पोरगा राजू दारूनं गेला. त्याच्यासाठी येतो." दीड वर्ष हेच. आम्हाला वाटायचं, या माणसानं दारूला कधी शिवलंही नसेल.

एका बुधवारी विलास नावाचा नवा माणूस आला. तिशीचा, ट्रॅक्टर चालवणारा. म्हणाला, "मी सोडाले तयार हावो जी. पण घरी बाबाच ग्लास भरून समोर ठेवते. म्हणते, थोडीशी घे, मर्द हायेस का नाई?"

नामदेवकाका उठून उभे राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा!

"राजूले पहिला घोट मीच पाजला," ते म्हणाले. "पोळ्याचा दिवस होता. पंधरा वर्षांचा होता तो. त्यानं तोंड वाकडं केलं, तं मी हासलो. म्हणलो, पी! मर्द हायेस ना?"

विलासनं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि फोन काकांच्या हातात दिला. "काका, हेच माह्या बाबाले सांगा."

रिंग वाजत राहिली. मग पलीकडून खणखणीत आवाज आला, सगळ्यांना ऐकू येईल असा, "हॅलो! कोण बोलून राह्यलं?"

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"राजूचा बाप," ते म्हणाले. "राजूचा बाप बोलून राह्यलो."